फुगलेल्या फळीचं शिक्षण

गोदावरीचा पूर सायखेड्याला नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला तर शाळकरी पोरांनाही आठवतो. पाणी ओसरलं की सागवानी पेटी उन्हात वाळते आणि पुन्हा कामाला लागते. भुशाच्या बोर्डाचं कपाट मात्र तळाशी पावासारखं फुगतं, स्क्रू नुसत्या बोटांनी निघतो.

हे का होतं, हा प्रश्न ज्या मुलाला पडतो त्याच्यासाठी हा लेख. लाकडाचा भुसा असो की बोर्डासाठी वापरलं जाणारं उसाचं चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, ताग, त्यांच्या धाग्यातलं सेल्युलोज पाण्याला धरून ठेवतं. धागा फुगतो, त्याची रेझिनवरची, म्हणजे फळी जोडणाऱ्या गोंदावरची, पकड सुटते आणि वाळल्यावरही फळी मूळ जाडीवर येत नाही. चिपाडातला मऊ गर तर स्पंजच. म्हणून बोर्ड दाबण्याआधी तो काढून टाकतात. धागा सौम्य कॉस्टिकमध्ये धुतला तर रेझिन नीट धरतं, पण द्रावण कडक झालं की धागाच कमजोर होतो. युरियाचं रेझिन स्वस्त, पाण्यात हार मानणारं. फिनॉलचं टिकाऊ आणि महाग. खरी कसरत इथे आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, पऱ्हाट्यांपासून बोर्ड करून दाखवले आहेत.

“पण हे शिकून नोकरी लागेल का हो?” पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. फक्त बोर्डाच्या भरवशावर राहू नका, असंच मी सांगतो. शिक्षण पॉलिमरचं किंवा केमिकलचं घ्यावं. तेच ज्ञान रंग, गोंद, पॅकिंग, गाड्यांचे सुटे भाग यांतही चालतं. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या ‘सिपेट’ या केंद्र सरकारी संस्थेत प्लास्टिकची तीन वर्षांची पदविका आहे. बारावीला गणित ठेवून सीईटी दिली तर पदवीची वाट खुली होते. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, त्यातली नामांकित, तिथली चुरसही तशीच. सुरुवातीचा पगार संगणकवाल्या चुलतभावाएवढा नसेल, हे घरात आधीच बोलून घ्या.

फी भरण्यापूर्वी एक करा. सुताराकडून बोर्डाचे दोन तुकडे आणा. एकाच्या कडांना मेण फासा, दुसरा तसाच ठेवा. कॉलेजच्या व्हर्निअर कॅलिपरने दोन्हींची जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. मग पोराला काही सांगू नका. वाळल्यावर तुकडे परत मोजायला तो आपणहून उठतो का, तेवढं बघा.