चालता चालता थांबणारा रंधा
(कार्यानुभव व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

इयत्ता : ७ वी. अवधी : दोन तासिका. स्थळ : गावातील सुताराची कामाची जागा. साहित्य : वही, पेन्सिल, तारेचा पिवळा बल्ब.

प्रस्तावना. खेड्यातील सुताराच्या पडवीत आता हाताच्या रंध्याशेजारी विजेचा रंधाही दिसतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात काढावेत, असे सुचविले आहे. अशा भेटीत केवळ "यंत्र पाहिले" एवढ्यावर समाधान मानू नये. चालू असलेले यंत्र मध्येच थांबणे हा प्रसंग कार्यकारणभाव शिकविण्यास फार उपयुक्त आहे.

प्रथम सुरक्षितता. यंत्रास फक्त सुतारानेच हात लावावा. मुलांनी चार पावले दूर उभे राहून निरीक्षण करावे. रंधा थांबला की अनेकजण कळ तशीच दाबून धरतात, यंत्र उलटे करून पात्यात अडकलेला भुसा बोटाने काढू लागतात. त्याच क्षणी वीज परत आली तर बोट जाते. म्हणून मुलांकडून पुढील क्रम पाठ करून घ्यावा : कळ सोडणे, पिन सॉकेटातून काढणे, पाते पूर्ण थांबू देणे आणि मगच विचार करणे.

प्रश्नाची विभागणी. दोष कोठे आहे हे शोधण्यापूर्वी तो कोणत्या बाजूस आहे हे ठरवावे. सुताराने त्याच बोर्डावर रंध्याशेजारी बल्ब लावावा आणि रंधा चालवावा. रंधा थांबताच बल्बही विझला, तर दोष वीजपुरवठ्यात, बोर्डात किंवा जोडवायरीत आहे. बल्ब जळत राहिला, तर दोष यंत्रात किंवा त्याच्या स्वतःच्या वायरीत आहे. रंधा चालू होताच बल्ब फार मंद झाला, तर विजेचा दाब अपुरा आहे अथवा जोडवायर लांब व बारीक आहे. एलईडी दिवा कमी दाबावरही बहुधा तसाच उजळ राहतो. सबब तो या कामी फसवा ठरतो.

लक्षणांवरून अनुमान. दोष यंत्राकडे आहे असे ठरल्यावर मुलांनी सुतारास प्रश्न विचारावेत व उत्तरे वहीत लिहावीत.

१. रंधा झटकन थांबतो आणि वायर हलविताच पुन्हा चालतो काय? तसे असल्यास वायरीतील तांब्याच्या तारा आतून तुटल्या असाव्यात. मुठीजवळ वायर सतत वाकते, म्हणून ती बहुधा तेथेच तुटते.

२. काही काळ चालून थांबतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो काय? मग मोटार तापत आहे. काही यंत्रांत अति तापल्यास वीज तोडणारी सोय असते. ती रक्षणासाठी असते, दोष म्हणून नव्हे. पाते बोथट असणे, एका वेळी जाड थर काढणे, हवेच्या फटी भुशाने बुजणे ही तापण्याची नेहमीची कारणे होत.

३. आत मोठ्या ठिणग्या दिसतात, यंत्र अडखळते व अखेर थांबते काय? मग कार्बन झिजले असावेत. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचविणारे हे दोन लहान तुकडे स्प्रिंगच्या दाबाने टेकलेले असतात. झिजून आखूड झाले की ते नीट टेकत नाहीत. बदलताना दोन्ही एकदम बदलावेत.

४. यांपैकी काहीच आढळले नाही, तर कळीत भुसा शिरला असण्याचा संभव आहे. ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

बोर्डावरील स्वयंचलित खटका वारंवार पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. तो धोक्याची सूचना देत असतो.

गणिताशी सांगड. २३० व्होल्ट दाबावर ६९० वॉटचा रंधा किती प्रवाह घेतो? ६९० भागिले २३०, म्हणजे ३ अँपिअर. पाते बोथट असले की मोटार मंदावते व प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर तारांतील उष्णता चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय थंड करणारा पंखा मोटारीच्याच दांड्यावर असल्याने तोही मंदावतो. उष्णता वाढते तेव्हाच वारा कमी पडतो, हे मुलांच्या मुखातून येऊ द्यावे.

उपयोजन. कारण न शोधता मोटार पुन्हा गुंडाळावयास नेली, तर सुताराचे पैसे जातात आणि कामाचे दिवसही बुडतात. कित्येकदा पात्याला धार लावणे किंवा कार्बन बदलणे एवढेच पुरते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा, हा नियम मुलांना येथे प्रत्यक्ष कळतो. वर्गात परतल्यावर लक्षण, संभाव्य कारण व पडताळा अशा तीन रकान्यांचा तक्ता फळ्यावर मुलांकडूनच भरून घ्यावा.

स्वाध्याय. घरातील बंद पडणारी एखादी वस्तू निवडून, तिला हात न लावता, वडीलधाऱ्यांना विचारून असाच तक्ता तयार करणे.

कारागिराच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली म्हणजे मुलांच्या मनात दोहोंविषयी आदर उत्पन्न होतो. पाठ संपताना मुलांनी सुताराचे आभार मानावेत, हे शिक्षकांनी विसरू नये.