शाब्दिक उदाहरणे : आधी विचार, मग आकडेमोड

प्राथमिक शाळेतील पुष्कळ मुले गुणाकार-भागाकार बिनचूक करतात. परंतु तेच आकडे वाक्यांत गुंफून आले की ती गोंधळतात. "गुरुजी, गुणायचे की भागायचे?" हा प्रश्न वर्गात नेहमीच ऐकू येतो. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, याचा उलगडा होण्यापूर्वीच मूल आकड्यांकडे धावते, हे त्याचे कारण होय.

३ किलो ज्वारीस १२० रुपये पडतात, तर ५ किलोंस किती? प्रथम एका किलोची किंमत काढावी : १२० ÷ ३ = ४० रुपये. म्हणून ५ किलोंची किंमत ४० × ५ = २०० रुपये. ही एकमान पद्धती. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) हाच विचार त्रैराशिक म्हणून मांडला आहे. त्यात ३ हे प्रमाण, १२० हे फल आणि ५ ही इच्छा. फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर तेच येते.

मात्र हा नियम डोळे मिटून वापरता येत नाही. ६ मजूर एक बांध ८ दिवसांत घालतात, तर तोच बांध ४ मजूर किती दिवसांत घालतील? वरील रीतीने उत्तर सव्वापाच दिवसांहून थोडे अधिक येईल. म्हणजे मजूर कमी होऊनही काम लवकर संपेल! हे कसे शक्य आहे? येथे एकूण काम ६ × ८ = ४८ मजूर-दिवसांचे आहे. म्हणून ४८ ÷ ४ = १२ दिवस लागतील. हे व्यस्त प्रमाण होय. यास्तव उत्तर वाढेल की घटेल, हे शिक्षकांनी मुलांकडून आधी वदवून घ्यावे.

या विचाराचा उपयोग परीक्षेपुरता नाही. ४०० ग्रॅमचा पुडा ४८ रुपयांस आणि १ किलोचा १२५ रुपयांस मिळत असेल, तर स्वस्त कोणता? १०० ग्रॅमला पहिल्यात १२ रुपये, तर दुसऱ्यात साडेबारा रुपये पडतात. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, हा समज येथे खोटा ठरतो. दुकानातील पावती वा मजुरीचा हिशेब स्वतः पडताळून पाहणारे मूल उद्या सहसा फसणार नाही. गणिताच्या तासाचे खरे फळ हेच आहे.