गोष्ट कोण सांगतंय, ते आधी विचार

अगं, नववीच्या कथालेखनाचा तास वाट्याला आला म्हणून एवढी काय धास्तावतेस? मुद्दे जोडायचे, वर शीर्षक, खाली तात्पर्य, हे परीक्षेपुरतं लागतंच. ते दोन तासांत उरकून टाक. मग मात्र एकच धडा धरून बस: गोष्ट सांगतंय कोण?

आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तोच विषय दे. अर्ध्या वर्गाने शाळेला उशीर होणाऱ्या मुलीच्या तोंडून लिहायचं, अर्ध्याने पाणी सोडायला आलेल्या लाइनमनच्या. मुलीला घड्याळ दिसेल, लाइनमनला गल्लीच्या शिव्या ऐकू येतील. प्रसंग एक, गोष्टी दोन. 'निवेदक' हा शब्द फळ्यावर त्यानंतर लिही, आधी नको.

मग 'पाचोळा' काढ. रा. रं. बोराडे इथल्याच देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे आवर्जून सांग. १९७१ची कादंबरी. फरफट गंगाराम शिंप्याची, पण सांगते त्याची बायको, आपल्या मराठवाडी बोलीत. गंगारामनेच सांगितली असती तर स्वतःच्या हट्टाला त्याने हट्ट म्हटलं असतं का? एवढं विचार आणि गप्प बस. पोरं भांडतील, भांडू दे.

एखादी लिहील, 'आईला खूप राग आला.' लगेच लाल पेन उचलू नकोस. विचार, 'तू दारातच होतीस ना? काय दिसलं?' ती म्हणेल, 'आईने हंडा ओट्यावर आदळला. बाबांचा चहा गाळलाच नाही.' झालं की! 'राग' हा शब्द तिलाच खोडू दे.

आणि बोलीवर रेघोट्या ओढू नकोस गं. सांगणाऱ्याच्या तोंडी 'लई' नि 'काहून' शोभत असेल तर ती चूक नव्हे. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाच्या गोष्टीतली आजी दखनीतच बोलू दे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तपास, तिथे लाड नकोत.

एक नाजूक बाब. मुलं मोकळी झाली की गोष्टीत घर उतरतं: बापाचं पिणं, ताईचं अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण. अशी वही मुलाला विचारल्याशिवाय वर्गात वाचू नकोस, पालकसभेत तर मुळीच नाही. खरोखर काळजीचं काही दिसलं तर मुलाला बाजूला घेऊन बोल. गोष्टीला गुण देऊन मोकळी होऊ नकोस.

मुख्याध्यापिकाबाई विचारतील, तात्पर्य कुठंय? सरळ सांग, परीक्षेच्या पेपरात येईल. या वहीत ते वाचणाऱ्यानेच काढायचं आहे.