घटक ४ : मध्यस्थीची प्रार्थना – ख्रिस्ती धर्मग्रंथातील अर्थ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• 'मध्यस्थीची प्रार्थना' या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• बायबलच्या जुन्या व नव्या करारांतील तिची प्रमुख उदाहरणे सांगता येतील.
• वशिला आणि मध्यस्थी यांतील भेद विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' असो की रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता असो, मराठीतील ख्रिस्ती साहित्य वाचताना प्रार्थनेची कल्पना वारंवार भेटते. या प्रार्थनेचे एक रूप म्हणजे दुसऱ्यासाठी देवाजवळ केलेली विनवणी. मात्र ही कल्पना समजून घेताना आपल्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. देव न्यायी व सर्वज्ञ असेल, तर त्याच्याजवळ कोणी कोणाची रदबदली कशासाठी करावी? हा वशिल्याचाच एक प्रकार नव्हे काय? प्रस्तुत घटकात या शंकेच्या आधारे विषयाचा विचार करावयाचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संज्ञेचा अर्थ

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मध्यस्थीसाठी योजलेल्या एका क्रियापदाचा मूळ अर्थ 'गाठणे, सामोरे जाणे' असा आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:१) येणारा शब्द राजाकडे सादर करावयाच्या अर्जालाही वापरला जात असे. दोन्ही शब्दांत समोर जाऊन उभे राहण्याचा भाव आहे. म्हणजेच, मध्यस्थी करणारा दुरून शिफारस धाडत नाही. तो स्वतः पुढे होतो.

४.२.२ जुना करार : अब्राहाम आणि मोशे

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम नगराच्या नाशाची वार्ता कळताच अब्राहाम देवाशी बोलू लागतो. नगरात ५० नीतिमान असतील तर काय, असे विचारून तो ४५, ४०, ३०, २० असे करीत १० पर्यंत येतो. नगरात त्याचा पुतण्या लोट राहत असतो. तथापि अब्राहाम त्याचे नावही काढीत नाही. तो मागतो ते संपूर्ण नगरासाठी, आणि त्याचा आधार असतो देवाचा स्वतःचा न्याय. येथेच वशिल्याशी पहिला भेद दिसतो. वशिला न्यायाला बगल देतो. अब्राहाम न्यायालाच साद घालतो.

निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात दुसरा भेद अधिक ठळक होतो. लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, तेव्हा देव मोशेला म्हणतो, की या लोकांचा नाश करून तुझ्यापासूनच मी मोठे राष्ट्र निर्माण करीन. मोशेला स्वतःचा लाभ साधण्याची ही संधी होती. तो ती नाकारतो. पुढे तर तो म्हणतो, की त्यांना क्षमा करावयाची नसेल, तर माझेही नाव आपल्या पुस्तकातून पुसून टाकावे. देव हा मोबदला स्वीकारीत नाही, परंतु लोकांचा प्रवास पुढे चालू राहतो. स्तोत्रसंहितेत (१०६:२३) या प्रसंगाचे वर्णन तटाच्या खिंडारात उभे राहणाऱ्या रक्षकाच्या प्रतिमेतून केले आहे. वशिला लावणाऱ्याचे स्थान सुरक्षित असते. मध्यस्थी करणारा आपले सुरक्षित स्थान सोडून अपराध्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

४.२.३ नवा करार : एकच मध्यस्थ

तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातील त्याच अध्यायात सर्व माणसांसाठी प्रार्थना करण्याचा बोध आहे, आणि लगेच पाचव्या वचनात देव व मानव यांच्यामध्ये येशू ख्रिस्त हा एकच मध्यस्थ असल्याचे प्रतिपादन आहे. ही विसंगती वाटण्याचा संभव आहे. ख्रिस्ती विचारानुसार येशू केवळ शब्दांनी मध्यस्थी करीत नाही, तर क्रूसावर प्राण देऊन करतो. मोशेने देऊ केलेले येथे प्रत्यक्ष घडते. श्रद्धावंतांची प्रार्थना ही या मध्यस्थीला पर्याय नसून तिच्यात घेतलेला सहभाग होय. म्हणूनच छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करावी, ही शिकवण (मत्तय ५:४४) तिच्याशी सुसंगत ठरते.

याच मुद्द्यावर पंथभेदही आहे. कॅथलिक परंपरेत पवित्र मरिया व संत यांना 'आमच्यासाठी विनंती करा' अशी प्रार्थना केली जाते. प्रॉटेस्टंट परंपरा सामान्यतः हे मान्य करीत नाही. मात्र जिवंत माणसांनी परस्परांसाठी प्रार्थना करावी, याविषयी दोहोंत एकमत आहे.

४.२.४ न मिळालेल्या फळाचा प्रश्न

सदोम वाचले नाही. लोट व त्याच्या दोन मुली एवढेच वाचले. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने प्रार्थना केली (लूक २२:३२), तरी त्याच रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारले. मग प्रार्थना व्यर्थ गेली काय? धर्मग्रंथ पेत्राचे पतन झाकून ठेवीत नाही. पण त्याचे रडणे व परतणेही सांगतो. आजारी आप्तासाठी प्रार्थना करूनही तो न वाचल्याचा अनुभव अनेक श्रद्धावंतांना असतो. धर्मग्रंथ त्या दुःखाचे गणित मांडून दाखवीत नाही. प्रार्थनेने संकट टळेलच, अशी हमी मध्यस्थीत नाही. संकटातील माणसाला एकटे सोडावयाचे नाही, हा निर्धार मात्र तिच्यात आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. अब्राहाम नीतिमानांच्या कोणत्या संख्येवर थांबतो?
२. मोशेने देवापुढे कोणता मोबदला देऊ केला?

४.३ सारांश

मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे देवाजवळ लावलेला वशिला नव्हे. ती न्यायाला बगल देत नाही आणि करणाऱ्याला सुरक्षित ठेवीत नाही. दुसऱ्याचे भवितव्य आपले मानून देवासमोर उभे राहणे, हा तिचा गाभा होय. ख्रिस्ती श्रद्धेनुसार या भूमिकेची परिपूर्ती येशूच्या क्रूसावर होते.

४.४ सरावासाठी स्वाध्याय

१. अब्राहाम व मोशे यांच्या मध्यस्थीतील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
२. 'एकच मध्यस्थ' आणि 'सर्वांसाठी प्रार्थना' या दोन कल्पनांची संगती लावा.
३. संतकाव्यातील सर्वांसाठी मागितलेले दान म्हणून ज्ञानेश्वरांचे 'पसायदान' वाचा. तेथील याचना आणि या घटकातील मध्यस्थी यांत आपणांस कोणता फरक जाणवतो, ते दहा-बारा ओळींत लिहा.