चाकू मिटताना बघावा

मोठा घडीचा चाकू पहिल्यांदा हातात आला की लगेच उघडायचा नाही, मुक्ता. आधी मिटलेलाच मुठीत धर. मधलं बोट कुठे बसतं, करंगळीखाली किती लाकूड उरतं, तळव्याला कोपरा कुठे टोचतो, ते तेव्हाच कळतं. पातं बाहेर आलं की सगळं लक्ष धारेकडे जातं आणि मूठ बघायची राहून जाते. तुझ्या ह्या फ्रेंच ओपिनेल चाकूच्या बारा नंबरची मूठ बीचच्या लाकडाची, मध्ये भरलेली, मागे तिरपी कापलेली. कडी आणि खीळ सोडली तर मुठीत धातू नाहीच. म्हणून आकार बघून जड वाटतो आणि उचलला की हलका लागतो. मला हे आवडलं. गोल मूठ ओल्या हातात फिरते, ते मात्र नाही आवडलं.

आता उघड. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताच्या चिमटीत पात्यावरची नखाची खाच, धार तुझ्यापासून लांब. दोन्ही हात लागतात, लागू देत. आमच्या पिढीने हिंदी सिनेमात रामपुरीचा तो खटका ऐकला आणि चाकू म्हणजे उघडण्याचा आवाज अशी समजूत करून घेतली. रामपूरवाल्यांनी तर 2023 मध्ये चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. पण आवाजावरून फक्त स्प्रिंग कळते, चाकू कळत नाही. एका हाताने झटका देऊन उघडायची हौस ह्या चाकूवर करायची नाही.

पातं बारा सेंटिमीटरचं आहे. ते पूर्ण उघडल्यावर मुठीच्या पुढच्या टोकावरची कडी फिरव. हे न करता काहीही कापायला घेतलंस तर मी चाकू काढून घेईन, तू कितीही मोठी झालीस तरी. कारण समजून घे. जुन्या पद्धतीच्या खिशातल्या चाकूंना मुठीच्या पाठीत स्प्रिंगची पट्टी असते, ती पात्याला उघडं धरून ठेवते. ह्याला तशी पट्टी नाही. पातं फक्त लाकडाच्या आणि सांध्याच्या घट्टपणावर उभं आहे. त्यात पातं मोठं. टोकाकडे, पाठीच्या बाजूने, थोडा जरी जोर आला तरी तो बारा सेंटिमीटर लांबून येतो आणि सांध्याशी कितीतरी पटींनी वाढतो. लहान चाकू जिथे नुसता हलतो, तिथे मोठा चाकू सरळ बोटांवर मिटतो. कडी फिरवली की तिची फट बाजूला सरकते आणि पात्याचा मागचा भाग अडतो.

गंमत म्हणजे पहिली पासष्ट वर्षं ह्या चाकूला हा अडसर नव्हताच. फ्रान्सच्या सव्हॉय भागात 1890 मध्ये जोसेफ ओपिनेलने तो पहिल्यांदा बनवला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. वडिलांचं काम कुऱ्हाडी-कोयते घडवायचं. 1897 मध्ये एक ते बारा नंबरांची मापं ठरली आणि फिरती कडी आली ती थेट 1955 मध्ये. म्हणजे सव्हॉयचे शेतकरी दोन पिढ्या केवळ हाताच्या सवयीवर हा चाकू वापरत होते. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं मी, मला त्या कडीचं कौतुक जास्त: एकच पत्रा वाकवून केलेली, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही.

कडी लावल्यावर पातं चिमटीत धरून हळूच डावी-उजवीकडे हलवून बघ. किंचित प्ले चालेल. वर-खाली, म्हणजे मिटायच्या दिशेने, हलता कामा नये. खीळ ठोकून बसवलेली आहे, ती स्क्रूड्रायव्हरने आवळता येत नाही, म्हणून घेतानाच बघायचं. कडी सैल झाली तर पक्कडीने अगदी हलकी दाबता येते, तेवढंच.

आणि मग मिटून बघ. माझ्या मते चाकूची पारख इथे होते. कडी सोडताना तुझा अंगठा कुठे आहे? पातं खाली येताना बाकीची बोटं मुठीच्या खाचेसमोर आहेत की बाजूला? मोठ्या चाकूचं पातं मिटत आलं की त्याची टाच आणि टोक दोन्ही आत बसायला बघतात, आणि आपण फक्त टोकाकडे बघत असतो. मूठ खालून न धरता दोन्ही बाजूंनी धरायची, पातं पाठीवरून तळव्याने ढकलायचं, चिमूटभर सुद्धा कातडी खाचेवर येऊ द्यायची नाही. हे टीव्ही बघत करायचं काम नव्हे. मिटल्यावरही कडी फिरव. आताच्या चाकूंत ती मिटलेलं पातंही अडवते, पिशवीत आपोआप उघडत नाही.

पावसाळ्यात मात्र हा तुला त्रास देणार. खाच सरळ लाकडात कापलेली आहे, आत पत्र्याचं अस्तर नाही. आषाढात माजघराचं दार फुगतं तशी ही मूठ फुगते आणि पातं आतच आवळून धरते. नखं मोडून घेऊ नकोस. सव्हॉयच्या लोकांची युक्ती आहे: कडी सोडायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक् करून आपटायचं. टोक बाहेर डोकावतं, मग चिमटीत धरून ओढायचं. बेसिनमध्ये भिजत ठेवायचा नाही, डिशवॉशरचं तर नावही नको. जवसाच्या तेलाचं बोट मुठीला अधूनमधून लाव.

पात्यावर काय कोरलंय ते वाच. ‘इनॉक्स’ असेल तर स्टेनलेस, ‘कार्बन’ असेल तर साधं पोलाद. तुझं साधं आहे. धार सुरेख घेतं, पण कैरी-लिंबू कापलंस की काळं-निळं पडेल. तो काळेपणा राहू दे, घासत बसू नकोस. लाल दिसलं तर तो गंज, तो काढायचा. काम झालं की लगेच पुसायचं आणि इथल्या हवेत खोबरेलाचा हात फिरवायचा.

पाव, कलिंगड, चीज, बारकी फांदी, ह्यासाठी हा उत्तम. नारळाला हात लावायचा नाही, डब्याचं झाकण उचकटायचं नाही. पातळ टोक तुटेल. भोसकल्यासारखं तर काहीच करायचं नाही, कारण मूठ आणि पातं ह्यांच्या मध्ये बोट अडवणारं काही नाही, हात सरळ धारेवर जातो. खरं सांगू, रोजच्या वापराला साडेआठ सेंटिमीटरचा आठ नंबर बरा होता. बारा नंबर चारजणांच्या सहलीचा, खिशातला नव्हे. खिशात तो ठेवूही नकोस. आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकाम-शेतीची हत्यारं वगळून. हा त्याच्या बराच आत आहे. पण गर्दीच्या लोकलमध्ये मोजपट्टी कोण काढतो? कापडात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेव. आणि परत जाताना हातातल्या बॅगेत नाही, मोठ्या बॅगेत टाक, नाहीतर विमानतळावरच सोडून द्यावा लागेल.