आधी क्लच दाबून पाहा

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. गोदावरीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं होतं आणि उन्हाळ कांद्याच्या लागणीआधी रानात शेणखत पडायला हवं होतं. मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, गडी सापडत नव्हता, म्हणून भरलेली ट्रॉली मीच घेऊन निघाले. ट्रॅक्टर 45 अश्वशक्तीचा, जुना, मालकांनीच हौसेनं घेतलेला. सपाट रस्त्यावर मी तो बऱ्यापैकी चालवायची.

आमच्या वावरात जाताना चारी ओलांडावी लागते. चारीवर फरशी टाकली आहे, तिच्यापुढे रस्ता एकदम खाली उतरतो. उताराच्या तोंडाशी मला वाटलं की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी फार पळेल, दुसरा टाकावा. क्लच दाबला. तो इतका जड की सीटवरून अंग पुढं ओढल्याशिवाय तळाला जायचा नाही. तिसरा सुटला. दुसरा काही पडेना. नुसती खरखर. तोवर मागच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टर ढकलायला सुरुवात केली होती, आणि गाडी न्यूट्रलमध्ये होती, म्हणजे इंजिनाचा काहीच धाक उरला नव्हता. मी ब्रेक मारला. वावरात वळवायला सोपं जावं म्हणून डावा-उजवा ब्रेक सुटा केलेला होता, जोडपट्टी लावायची राहून गेली होती. पाय पडला तो उजव्यावरच. ट्रॅक्टर उजवीकडे फिरला आणि पुढचं चाक चारीत गेलं.

मडगार्डवर कुणी बसलेलं नव्हतं. सून मागून पायी येत होती. एवढ्यावर निभावलं. माझा डावा गुडघा मात्र त्या दिवशी पिरगळला तो आजही थंडीत बोलतो. मी हे लिहिते आहे ते त्या गुडघ्यासाठी नाही. आमच्या आसपासच्या कितीतरी घरांत असाच मोठा ट्रॅक्टर दारात उभा आहे, आणि तो चालवायची वेळ आता बायकांवर, म्हाताऱ्या माणसांवर किंवा शाळा सोडून आलेल्या पोरांवर येते आहे, म्हणून लिहिते.

आमची जमीन साडेचार एकर. दोन एकर ऊस, दीड एकर कांदा, एक एकर डाळिंब. एवढ्या जमिनीला 45 चा ट्रॅक्टर कशाला? घेताना उत्तर तयार होतं: ऊस वाहायला. आमचा कोपरगाव तालुका म्हणजे दोन मोठे सहकारी कारखाने, सहजानंदनगरला पूर्वीचा संजीवनी, आताचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना, आणि कोळपेवाडीला कर्मवीर शंकरराव काळे कारखाना. हंगामात रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसतात, आणि आपलाही एक त्यात असावा असं वाटून जातं. पण ऊस तोडून नेतात त्या टोळ्या, आणि वाहतूक करतात कारखान्याशी करार केलेले लोक. करार, मुकादमाला उचल, रात्री-अपरात्री गव्हाणीपुढच्या रांगेत उभं राहणं, हा वेगळा धंदा आहे. तो आम्ही एकही हंगाम केला नाही. बाकी कामं होती रोटर मारणं, सरी पाडणं, उसाची भरणी, डाळिंबाची फवारणी. यातल्या भरणीला तर तो ट्रॅक्टर सरीत शिरतच नव्हता. त्यासाठी आम्ही दुसऱ्याचा छोटा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचो. स्वतःचा दारात उभा असताना.

अपघातानंतर तो विकला. तोट्यातच विकला. मग नवीन घेण्याआधी चार महिने मी फक्त विचारत फिरले, आणि सगळ्यात जास्त विचारलं ते गिअरपेटीबद्दल, कारण दुकानात त्याबद्दल आपणहून कुणी काही सांगत नाही. अश्वशक्ती सांगतात, हप्ता सांगतात.

तर गिअरची गोष्ट अशी. जुन्या पद्धतीच्या पेटीला स्लायडिंग मेश म्हणतात. तिच्यात आपण दांडा ढकलला की दातेरी चाकच शाफ्टवर सरकतं आणि शेजारच्या चाकाच्या दातांत घुसतं. दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरत असली तर दातांवर दात आपटतात. खरखर ऐकू येते ती हीच. अशी गाडी पूर्ण थांबवून, क्लच तळापर्यंत दाबून, क्षणभर थांबूनच गिअर टाकायचा असतो. मी उतारावर, चालत्या गाडीत, अर्ध्या दाबलेल्या क्लचवर तो टाकू पाहत होते. पडणारच नव्हता. दुसरी पद्धत कॉन्स्टंट मेश. तिच्यात चाकं कायम एकमेकांत अडकलेली राहतात, सरकते ती मधली एक दातेरी कडी. हाताला ती बरीच हलकी लागते. तिसरी सिंक्रोमेश. तिच्यात कडी अडकण्याआधी एक रिंग घासून दोन्हींची गती एक करून घेते, म्हणून गिअर गुळगुळीत पडतो, मोटारीसारखा.

इथे एक फसगत होते. "सिंक्रो आहे" असं सांगितलं की आपण समजतो सगळेच गिअर तसे असतील. बऱ्याच ट्रॅक्टरांत सिंक्रो असतो तो फक्त पुढं-मागं करायच्या दांड्याला, त्याला शटल म्हणतात. बाकीचे गिअर कॉन्स्टंट मेश असतात. हे वाईट नाही. डाळिंबाच्या ओळीच्या टोकाला किंवा वाफ्याच्या कोपऱ्यात दिवसातून शंभरदा पुढं-मागं करावं लागतं, तिथे शटल पायाचे आणि खांद्याचे कष्ट खरोखर वाचवतं. महिंद्रानं 15 ऑगस्ट 2023 ला केपटाउनमध्ये दाखवलेल्या छोट्या ओजा मालिकेत असं शटल दिलेलं आहे. पण कोणते गिअर सिंक्रो, कोणते नाही, हे पत्रकावर बोट ठेवून विचारा. आणि गिअरपेटी कितीही चांगली असली तरी उतारावर गिअर बदलायचा नाही. चढ-उताराच्या आधीच थांबून, खालचा गिअर टाकून, मग पुढं.

क्लचकडे त्याहून बारकाईनं बघा. एकेरी क्लच असला की गिअर बदलायला पाय दाबताच पीटीओही, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्टही, थांबतो. रोटर मारताना तो थांबला की तिथली ढेकळं तशीच राहतात. ब्लोअरनं फवारताना थांबला की हवेचा झोत पडतो आणि ते झाड कोरडं जातं. दुहेरी क्लचला अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबला की दोन्ही थांबतात. काही गाड्यांत पीटीओचा दांडाच वेगळा असतो. डाळिंब किंवा द्राक्ष असेल तर एकेरी क्लचवर समाधान मानू नका असं मी स्पष्ट सांगेन.

आता पारख कशी करायची. शोरूमच्या फरशीवर नाही, आपल्या वावरात, आपली अवजारं लावून. चालवणारं माणूस घरातलं जे असेल त्यालाच बसवा. आमच्याकडे मी आणि सून, दोघी बसलो. रोजच्या चपला घालून, साडी नेसून, कारण रोज तसंच बसायचं आहे. पाठ सीटला टेकलेली ठेवून क्लच तळाला जातो का? जात नसेल तर सीट पुढं सरकते का? लागोपाठ वीस वेळा दाबा. पहिल्या पाचांत काही कळत नाही, पंधराव्याला मांडी सांगते. मग पहिला, दुसरा, मागचा, हाय, लो, असं पंधरा-वीसदा टाका, इंजिन थंड असतानाही आणि तासभर काम झाल्यावरही. दांडा दोन पायांच्या मधे आहे की बाजूला, हे आम्हाला फार महत्त्वाचं ठरलं. मधल्या दांड्याला साडी अडते आणि चढता-उतरताना गुडघा आपटतो. बाजूचा दांडा घेतला.

जुना घेणार असाल तर उतारावर, थोडं ओझं लावून, ॲक्सिलरेटर सोडून बघा. गिअर आपोआप न्यूट्रलला सुटत असेल तर तो ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. गिअरपेटीचं तेल काढून बोटांवर चोळा. धातूचा चुरा चमकला किंवा तेल दुधासारखं झालं असेल, तर खर्च वाट पाहतो आहे.

अश्वशक्तीचं थोडक्यात. इंजिनाची जेवढी सांगतात तेवढी पीटीओला मिळत नाही, 24 च्या गाडीला मागे त्याहून कमीच मिळते. त्यावर साडेतीन-चार फुटी रोटर चालतो, पाच फुटी लावून गाडी रडवू नये. महिंद्रा युवराज किंवा स्वराज 717 सारख्या 15 अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या गाड्या आंतरमशागतीला छान, पण आमच्या काळ्या चिकट रानात वाफसा थोडा चुकला तरी त्यांची दमछाक होते. द्राक्षवाल्या नाशिक पट्ट्यात कुबोटा बी 2441 सारखे 24 अश्वशक्तीचे, चारही चाकं ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. आमचाही 24 चाच, चारचाकी ओढीचा. बाहेरून बाहेर रुंदी मोजूनच घेतला, आणि उसाची सरी त्यासाठी पाच फुटांवर नेली. खोल नांगरट त्याच्यानं होत नाही. ती वर्षातून एकदा मोठ्या ट्रॅक्टरला पैसे देऊन करून घेतो, आणि एवढा खर्च मोठ्या गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाही.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची खरी ताकद, लिफ्ट किती किलो उचलते, हे मोजून लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नका. आधी खरेदी केलेल्यांचे अर्ज बाद झालेले मी पाहिले आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये तो नीट लावलाय का तेही वाचा.

बायकांसाठी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकीला हात धरून सांगते. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा ओढणी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर त्या दिवशी काम बंद. पदर खोचून वरून पुरुषी सदरा घालायचा, गुंड्या लावून. खाली उतरण्याआधी पीटीओ बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय जमिनीवर.

यंदा खोडव्याची मोठी भरणी सुनेनं एकटीनं केली. चार महिन्यांचा ऊस, दोन्ही बाजूंनी पाला अंगावर येत होता, आणि ती सरीच्या टोकाला शटल मागे घेऊन वळवत होती. मी बांधावर पाणी घेऊन बसले होते. दुपारी घरी परतताना चारीवरच्या फरशीपाशी ती थांबली, खालचा गिअर टाकला, खाली वाकून ब्रेकची जोडपट्टी चाचपली आणि मला ऐकू येईल असं म्हणाली, "आत्याबाई, पट्टी बसली." मग पुढं निघाली.