अर्ज भरण्याआधी

चिरंजीव भाचीबाईस,


तुझा दहावीचा निकाल आईनं फोनवर सांगितला, तेव्हा मागून निदान चार जणांचे सल्ले ऐकू येत होते. बाबांचं म्हणणं मोखाड्याला अकरावी आर्ट्स आणि मग तिथंच बीए. आईला तू नर्स व्हावंसं वाटतं. तू म्हणतेस आयटीआय, तेही इलेक्ट्रिशियन. आणि कोणीतरी मागून ‘पोरीच्या जातीला शिवणकाम बरं’ असं म्हणालं. कोण ते विचारत नाही, आवाज ओळखीचा होता.

माझी सगळी नोकरी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेली, म्हणून मी आयटीआयचीच बाजू घेईन असं बाबांना वाटत असणार. तसं नाही. आपल्या खोडाळ्याच्या, वाशाळ्याच्या, सूर्यमाळच्या पोरांना प्रवेश मिळणं फारसं अवघड नसतं, हे मी इतकी वर्षं पाहत आलो. जागा असतात, फी नावापुरती असते. अवघड असतं ते दिवाळीनंतर वर्गात दिसणं. तेव्हा ‘सगळ्यात चांगलं काय’ हा प्रश्न बाजूला ठेव. यातलं काय तुझ्याकडून पुरं होईल, आणि पुरं व्हायला आत्ताच कशाची सोय करावी लागेल, ते आधी बघ.

बाबांच्या मोखाड्याला नाक मुरडू नकोस. ते कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यात काढलेल्या या संस्थेनं ज्यांच्या घरात पाटी आली नव्हती त्यांना शिकवलं, आणि कमवा व शिका हे नुसतं फलकावर न लिहिता करून दाखवलं. जव्हारचं कॉलेज गोखले एज्युकेशन सोसायटीचं. दोन्ही संस्था खासगी म्हणायच्या, पण कॉलेज चालतं ते सरकारी अनुदानावर आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर. आपल्याकडे सरकार कॉलेज चालवतं ते बहुतेक असं, संस्थेच्या हातून. डोंगरी तालुक्यात नुसत्या फीवर कॉलेज उभं राहूच शकलं नसतं. आणि बीए वाया जात नाही. तलाठी व्हायचं तर पदवी लागते. जव्हार-मोखाडा पुरा अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, आरोग्यसेवक, शिक्षक अशा पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घ्यायचे, असं राज्यपालांच्या अधिसूचनेत आहे. फक्त ही भरती कधी निघेल आणि निघाली तर कोर्टात किती दिवस पडून राहील, याचा भरवसा नाही. भरतीची वाट पाहत तीन वर्षं काढायची म्हणून बीए करू नये. इतिहास, मराठी, भूगोल यांतलं काही खरंच आवडत असेल तर खुशाल कर.

आता तुझं इलेक्ट्रिशियन. सरकारी कागदावर त्याला विजतंत्री म्हणतात, फिटरला जोडारी आणि वेल्डरला संधाता. पहिल्या दिवशी यादी वाचून घाबरू नकोस. विजतंत्री दोन वर्षांचा ट्रेड. दहावीच्या गुणांवर ऑनलाइन प्रवेश, वेगळी परीक्षा नाही. राज्यात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत, त्यात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. त्या पुष्कळदा भरतच नाहीत, कारण मागून तसे आवाज येतात. खांबावर चढणाऱ्या मुली महावितरणमध्ये आता नव्या राहिलेल्या नाहीत, हे त्या आवाजाला सांग.

आयटीआयचं खरं मोल वर्गात कळत नाही, त्यानंतरच्या वर्षात कळतं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. महावितरण घेतं, एसटी घेते, तारापूरचं अणुवीज केंद्र घेतं, बोईसरचे आणि नाशिककडचे कारखाने घेतात. वर्षभर काम शिकायचं, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाची भरती निघते ती दहावी आणि विजतंत्री किंवा तारतंत्री (वायरमन) झालेल्यांसाठी. पहिली तीन वर्षं मानधन, मग तंत्रज्ञ म्हणून कायम. सरकारी शिक्षण आणि रोजगार यांची गाठ प्रत्यक्षात बसते ती या एका वर्षात, आणि आपली पोरं नेमकं तेच वर्ष सोडून देतात. आयटीआय झालं की गावातला कोणी ठेकेदार रोजचे चार पैसे जास्त दाखवतो आणि पोरगं वायर ओढायला निघून जातं. पाच वर्षांनी ते तिथंच असतं, कारण हातात शिकाऊ उमेदवारीचा कागद नसतो. म्हणून लक्षात ठेव, करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते विचारायचं. नोंद नसेल तर तू शिकाऊ उमेदवार नाहीस, ठेकेदाराची मजूर आहेस, साहेब कितीही गोड बोलला तरी.

आणि सोळाव्या वर्षी सगळं आयुष्य ठरवलं पाहिजे असं काही नाही. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शासकीय तंत्रनिकेतन विक्रमगडला आहे, फार दूर नाही. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नोकरी लागल्यावर पदवी हवीशी वाटली तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच काम करतंय. या वाटा कागदावर फार सुंदर दिसतात. चालणारे थोडे, हेही खरं. गणित कच्चं राहिलेलं पोरगं थेट दुसऱ्या वर्षात गेलं की पहिल्याच सत्रात गटांगळ्या खातं. तुझं गणित बरं आहे, ते दोन वर्षं गंजू देऊ नकोस.

नर्सिंगबद्दल आईला सांग, बारावी केल्याशिवाय तो विचार पुढे सरकत नाही. तुला रक्त बघवत नाही हे मला माहीत आहे, तिला नाही.

आता कागदपत्रांचं. इथंच मी जास्त शाई खर्च करणार आहे. जातीचा दाखला आपल्याकडे असतो, पण जमात पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं. व्यावसायिक शिक्षणातल्या राखीव जागेला ते लागतं, सरकारी नोकरीला तर लागतंच. पडताळणी समिती १९५० पूर्वीच्या नोंदी मागते. पणजोबा शाळेत गेलेच नाहीत तर नोंद आणायची कुठून? ज्यांना शिक्षण मिळालं नाही म्हणून सवलत, त्यांच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा. आहे ते असं आहे. काकांच्या मुलाला किंवा आत्याला वडिलांकडच्या नात्यातून प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्याची प्रत आजच मागून घे. आईकडचा, म्हणजे माझा, कागद तुला चालणार नाही. अर्ज लवकर टाक. नोकरीची जाहिरात आल्यावर धावपळ करणारे किती जण हातातली जागा घालवून बसले, ते मी पाहिलंय. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, आधारला जोडलेलं बँक खातं हेही याच महिन्यात करून घे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तेच लागतं.

राहण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. मोखाड्याला जाऊन येऊन जमेल, एसटी आली तर. जव्हारला जमणार नाही, विशेषतः पावसात. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, जव्हारच्या प्रकल्प कार्यालयाकडून ती चालतात. तिथं जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. खोलीभाडं, जेवण आणि पुस्तकांसाठी पैसे खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० असे टप्पे ठरवलेले होते. आकडा बदलला असेल तर कार्यालयात विचार. हप्ता उशिरा येतो हे धरूनच चाल.

याबद्दल एक जरा कडू गोष्ट लिहितो, बाबांना वाचून दाखवलीस तरी चालेल. वसतिगृहात पूर्वी जेवण मिळायचं. मग बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी पैसे खात्यात यायला लागले. २०१८ साली आदिवासी पोरं याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. लोक हसले, पैसे मिळतात तरी रडतात म्हणून. हसणाऱ्यांच्या घरी कधी पोराच्या खात्यातल्या पैशावर बियाणं आलं नसेल. खात्यात पैसे पडले की घरात कोणीतरी आजारी असतंच, छप्पर गळतच असतं, आणि पोरगी ‘मला भूक नाही’ म्हणत तासाला बसते. ते पैसे तुझ्या जेवणाचे आहेत. घरी द्यायचे असतील तर शिकाऊ उमेदवारीच्या विद्यावेतनातून दे.

दुसरी गोष्टही बाबांसाठीच. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते. दिवाळीनंतर घरदार वीटभट्टीवर जाणार असेल, तर धाकट्यांना सांभाळायला तुला न्यायचं नाही. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. तू भांडू नकोस, पण जाऊही नकोस.

कॉलेज काय देणार नाही तेही ऐक. ते कारखाना खोडाळ्यात आणणार नाही. जिल्ह्याचे बहुतेक उद्योग रेल्वेच्या बाजूला, बोईसर-पालघरला. आपल्या डोंगरातून तिकडे मजूर जातो आणि पाणी मुंबईला जातं. मध्य वैतरणा धरण आपल्याच तालुक्यात कोचाळ्याला, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. शिकून तू बहुधा खोडाळ्याबाहेरच कमावशील. मजूर म्हणून जाणं आणि तंत्रज्ञ म्हणून जाणं यांत मात्र फार फरक आहे, पगारातही आणि उभं राहण्याच्या तऱ्हेतही.

तर सोमवारी आईला घेऊन जव्हारला जा. आधी प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची चौकशी, मग आयटीआय. कोणत्या संस्थेत कोणत्या ट्रेडच्या किती जागा आहेत ते यादीत नीट बघ आणि मोखाड्याच्या आयटीआयचाही पर्याय भर. अकरावीचा अर्जही भरून ठेव, त्यानं काही बिघडत नाही. सायबर कॅफेवाला पासवर्ड स्वतःजवळ ठेवू पाहील, त्याला देऊ नकोस, वहीत लिहून घे. एसटीचे पैसे आईकडे पाठवले आहेत.

तुझा,
मामा

ता. क. शिवणकामवाल्या आवाजाला सांग, दुरुस्तीला मिक्सर घेऊन ये म्हणून. दोन वर्षांनी.